मदत हवी आहे: आयईएलटीएस (परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा) होईल, पण तिथल्या वर्गातल्या इंग्रजीची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री. आता नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठात प्लांट सायन्सेसमध्ये एमएस्सीला अर्ज करायचा आहे. तिथं सगळं शिकवणं इंग्रजीत.

वाचायची भीती नाही, पदवीची पुस्तकं इंग्रजीच होती. अडतं ते लिहिण्या-बोलण्यात. आयईएलटीएसच्या दुसऱ्या लेखी प्रश्नाला साधारण ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे, तेही स्वतःचं मत मांडून. आपल्याला मुद्दे पाठ करून पेपरात उतरवायची सवय, मत कोणी विचारलंच कधी? गुलाबी बोंडअळीवर मराठीत तासभर बोलेन, इंग्रजीत दोन वाक्यांतच गाडी फसते. ऐकण्याच्या भागात तर ध्वनिफीत एकदाच वाजते.

पण खरी काळजी परीक्षेनंतरची आहे. गटचर्चेत सगळे भराभर बोलत असताना मधे तोंड कसं घालायचं? संशोधन लेखातला मुद्दा चोरी न ठरता आपल्या शब्दांत कसा मांडायचा? शिकून आलेल्या दादा-ताईंनी जाण्याआधी नेमकं काय केलं, ते सांगा.

पुण्याला क्लास लाव, एवढं सांगू नका. यंदाच्या कापसाच्या पैशात ते बसत नाही. रेंज गच्चीवरच येते, त्यामुळे डाउनलोड करून ऐकता येईल असं काही असलं तर उत्तम. आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी फोनवर इंग्रजीत बोलायला कोणी जोडीदार मिळेल का? ताई असली तर घरचेही निश्चिंत राहतील.