गव्हाविना खाऊ: तुमच्या घरी कसं जमलं?

आमच्या धाकटीला दोन वर्षांपूर्वी सीलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या चिकट प्रथिनाने आतडं खराब होण्याचा आजार. वजन वाढत नव्हतं, पोट सतत फुगलेलं, हिमोग्लोबिन औषधांनीही वर येईना. या आजाराच्या निदानासाठीची रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, आणि गहू, जव, राय कायमचे बंद झाले. जेवणाचं लवकर मार्गी लागलं, कारण ज्वारी-बाजरीची भाकरी नाशिकच्या घराला नवी नाही. अडलं ते खाऊपाशी. पहिल्या दिवाळीला शेजारून फराळाचं ताट आलं. कुणी काही सांगायच्या आत तिने ते उचललं, स्टुलावर चढून फ्रिजवर ठेवलं आणि हात साबणाने धुऊन आली. आठ वर्षांची पोर. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून विचारते आहे. लहानपणचा खाऊ गव्हाशिवाय कुणाला कसा जमला, कुठे फसला, सगळं लिहा. माझ्या शंकरपाळ्यांपासून सुरुवात करते.

ज्वारीच्या पिठाच्या केल्या, त्या तेलात विरघळल्या, कढईत नुसता गाळ. तांदळाचं पीठ थंड दुधात भिजवलं, तर दगड. गव्हाचा चिकटपणा गेला की पीठ धरून ठेवायला काहीच उरत नाही, हे तेव्हा हाताला कळलं. शेवटी मोदकाची उकड आठवली. अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर, पाव वाटी तूप उकळायचं, गॅस बंद करून दीड वाटी तांदळाचं पीठ आणि दोन चमचे साबुदाण्याचं पीठ घालून झाकायचं. कोमट असतानाच मळायचं, प्लॅस्टिकवर जाडसर लाटायचं, कातण्याने कापायचं. मंद आचेवर थोड्या थोड्या सोडायच्या आणि पहिलं मिनिटभर झारा लावायचाच नाही. खुसखुशीत होतात. मैद्याचे पदर सुटत नाहीत, ते मी सोडून दिलं.

पंचवटीहून

ताई, माझ्या नातवाला हाच त्रास आहे. मैद्याची नक्कल करण्यात मीही वर्षभर घालवलं. मग बसून आठवलं, की आमच्या लहानपणी गव्हाचं असं किती होतं? अनारसे तांदळाचे. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. हे सगळं तसंच्या तसं चालतं. थालिपिठाच्या भाजणीत मात्र गहू असतो, मेतकुटातही असतो. मेतकूट भात पोटाला हलका म्हणून मीच त्याला चार महिने भरवत होते, ती चूक माझी.

एका गोष्टीचं फार वाईट वाटायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया होतात. गव्हाचा चीक शिजला की पोरं वाट्या घेऊन पातेल्याभोवती उभी राहतात, वर तेल घालून गरम गरम खातात. मागच्या वर्षी नातू जिन्यातच बसून राहिला. या वर्षी कुरडया केल्याच नाहीत, ज्वारीचे बिबडे केले. बिबड्याचं पीठ घाटून झालं की त्यावरही तेल घालून खातात, आम्ही विसरलोच होतो. तीळ, लसूण, जिरं, मिरची. त्याने तीन वाट्या खाल्ल्या, आणि इतर पोरांनीही. (चिकातलं ग्लुटेन धुण्यात निघून जातं असं कुणी सांगेल, ऐकू नका. पूर्ण जात नाही.)

सिडकोहून

वरच्या आजींना नमस्कार. पण ज्वारी दळता कुठे, तेही सांगा. आमचा मुलगा सहा महिने फक्त भाकरी खात होता, तरी पोटदुखी थांबेना आणि टीटीजी खाली येईना. डॉक्टरांनी एकच विचारलं, "दळण कुठून आणता?" कोपऱ्यावरच्या गिरणीत आमच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असायचे आणि जात्यात राहिलेलं पीठ आमच्या ज्वारीत यायचं. गिरणीवाल्या काकांचा काही दोष नाही, त्यांनी तर दोनदा झाडून दिलं होतं. आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच टाकत नाही. बेसनसुद्धा घरी डाळ आणून, निवडून दळतो. लाटणं, चाळणी, पोळपाट, सगळं वेगळं. पुढच्या तपासणीला आकडा उतरला.

नाशिकरोडहून

मी कॉलेजात आहे, तिसरं वर्ष. नाशिकमध्ये राहून मिसळ बंद म्हणजे काय, ते मित्रांना सांगून कळत नाही. आधी वाटलं, पाव सोडून भाकरी घेतली की झालं. तरी रात्री पोट बिघडायचं. कारण हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, आणि तो शेवेत, फरसाणात, फोडणीत सगळीकडे पडतो. आता डब्यावरचे घटक वाचून, तांदळाचं पीठ किंवा डिंक घातलेलाच हिंग आणतो. वडाही तसाच फसवतो. बेसनाचा आहे खरा, पण त्याच कढईत पाववडे तळलेले असतात.

सध्या रविवारी आई मटकीची मिसळ करते. शेव घरची, सोबत बाजरीची भाकरी. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भेळेची तहान घरीच भागवतो. कुरमुरे, घरची शेव, कांदा, कैरी, चिंचेचं पाणी. पुरी नसली तर फार बिघडत नाही, मक्याचे पोहे तळून चुरतो.

दिंडोरी रोडहून

बिस्किटांसाठी नागली, म्हणजे नाचणी. पेठ-सुरगाण्याकडची नागली आठवडी बाजारात मिळते, धुऊन, वाळवून घरीच दळा. तूप, गूळ, वेलची आणि वाटीभर पिठाला अर्धा चमचा इसबगोल, नाहीतर उचलताना तुकडे होतात.

गंगापूर रोडहून

खाऊ नाही, एक विनंती. नुसत्या संशयावरून गहू बंद करू नका. माझ्या बहिणीने तसं केलं, मग तपासणीत काहीच स्पष्ट येईना. निदानासाठी तिला काही आठवडे पुन्हा गहू खावा लागला आणि ते दिवस फार वाईट गेले. आधी तपासणी, मग पथ्य. आणि पाकीट घेताना "ग्लुटेन फ्री" लिहिलंय का ते बघा. आपल्याकडच्या नियमाने तसं लिहायचं तर किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. नुसतं "मल्टिग्रेन" लिहिलेल्यात बहुतेक वेळा गहूच पहिला असतो.

पुन्हा मी, इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचवटीच्या आजी, शनिवारी बिबड्याचं पीठ घाटते आहे, ज्वारी किती दिवस भिजवता ते कळवा. हिंगाचा डबा आजच पाहिला. गव्हाचं पीठ आहे त्यात. दोन वर्षं आम्ही तोच वापरतोय.

खारीबद्दल कुणीच लिहिलं नाही. रविवारी सकाळी धाकटीचे बाबा चहात बुडवून तिला खारी द्यायचे. आता तेही खात नाहीत. चहात बुडवल्यावर पदर सुटेल असं काही, कुणाला जमलंय का?