समाजशास्त्राच्या पुस्तकात आमचं गाव का नाही?

केजची_लेक

मी एम.ए. समाजशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे. गाव बीडच्या केज तालुक्यात. आमच्या नोट्समध्ये समाजशास्त्रज्ञांनी अभ्यासलेली चार गावं पाठ करावी लागतात: श्रीनिवासांचं रामपुरा, दुबेंचं शमीरपेट, बेते यांचं श्रीपुरम आणि मॅरियट यांचं किशनगढी. म्हैसूर, हैदराबाद, तंजावर, उत्तर प्रदेश. मराठवाड्यातलं एकही गाव नाही.

प्रबंधासाठी मला ऊसतोड्यांवर लिहायचंय. दसरा-दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव कारखान्याला जातं आणि पाडव्याच्या आसपास परत येतं. मार्गदर्शक म्हणतात, "आधी साहित्याचा आढावा घे." आढावा घ्यायला बसले की आधी युरोपातले कॉम्त, दुर्खीम, वेबर, मग आपल्याकडचे घुर्ये, मग श्रीनिवास. त्या सगळ्यातून माझ्या गावापर्यंत यायला वाटच सापडत नाही. वडील विचारतात, "गावात काय चाललंय ते कळायला पुस्तक कशाला लागतंय?" मला त्यांना नीट उत्तर द्यायचंय. हा विषय आपल्या देशात असा का घडला, आणि आपण त्यात कुठंच का नाही? जाणकारांनी सांगावं.

मोडी_वाचक_परभणी

मी समाजशास्त्राचा नाही, इतिहासाचा. पण एक सांगतो. २०२३ साली निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं समिती नेमली, तेव्हा तहसिलातली जुनी दप्तरं सोडवली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. तेव्हा मी खासरा पत्रकं पाहिली. शेत कुणाचं, कसतंय कोण, हे सगळं त्यात आहे. सगळे एकच शब्द शोधत होते, तो सापडला की पान उलटायचे. ताई, तुम्ही म्हणता ते गाव पुस्तकात नसेल, पण रेकॉर्ड रूममध्ये आहे. कोणी समाजशास्त्राच्या नजरेनं ते वाचलं पाहिजे.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

लेकरा, तुझा प्रश्न मी स्वतः चाळीस वर्षं बाळगून आहे. सविस्तर लिहितो.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. तो सुरू करणारे पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे माणूस. १९२४ पासून तो घुर्यांनी सांभाळला. घुर्ये मालवणचे, मूळचे संस्कृतचे विद्वान. जात समजून घ्यायची तर आधी ग्रंथ काय म्हणतात ते पाहायचं, ही त्यांची वाट. त्यांच्या हाताखाली देशभराचे प्राध्यापक तयार झाले, श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी. पण या सगळ्या काळात आपण मुंबईचे नव्हतोच. आपण निजामाच्या राज्यात होतो. आपलं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ सालचं, शिकवण्याची भाषा उर्दू. मराठी घरातला मुलगा तिथपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट.

दुबे त्या उस्मानियात होते. शमीरपेट हे हैदराबादजवळचं, तेलंगणातलं गाव, पुस्तक आलं १९५५ साली. म्हणजे हैदराबादहून निघालेली गाडी शमीरपेटला थांबली आणि मुंबईहून निघालेली पुण्याला. आपण मधे राहिलो. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि औरंगाबादला विद्यापीठ झालं ते १९५८ साली. तोवर गावांचे अभ्यास करण्याचा पहिला जोर होऊन गेला होता.

तो जोर तरी कशामुळे आला ते बघ. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. नवं बियाणं, खत, शाळा, आरोग्य हे गावात न्यायचं होतं आणि गाव ते का घेतं, का घेत नाही, हे सरकारला कळायला हवं होतं. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ लागले. यात वाईट काही नव्हतं, फार चांगलं काम झालं. पण सरकार जे विचारतं तेच विषयाचे प्रश्न होऊन बसतात. गाव योजना कशी स्वीकारतं हे आम्ही शिकलो. गायरान कोण कसतं आणि त्यावरून कुणाचं डोकं फुटतं, हे पेपरात कधी आलं नाही.

आणि अभ्यास करणारा राहतो कुठं, हेही बघावं लागतं. श्रीनिवास १९४८ साली रामपुऱ्यात गावच्या पुढाऱ्याच्या जागेत राहिले. त्याचा परिणाम आपल्या पाहण्यावर झाला हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. 'प्रभुत्वशाली जात', म्हणजे संख्येनं, जमिनीनं आणि वजनानं गावावर भारी असलेली जात, ही कल्पना त्याच गावातून आली आणि आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामपंचायतीला ती लागू पडते. पण तेच गाव वेशीबाहेरच्या वस्तीत राहून पाहिलं असतं तर वेगळं दिसलं असतं.

आता माझी गोष्ट. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. मी बी.ए.ला होतो. त्या रात्रीपासून मराठवाड्यात काय झालं ते सांगायला नको. घरं जळाली, माणसं गेली, कुटुंबं गाव सोडून निघाली. माझ्या वर्गातला एक मुलगा, माझ्याच बाकावर बसणारा, त्यानंतर कॉलेजात आलाच नाही. त्याची वही माझ्याकडं राहिली होती. कॉलेज उघडलं त्या आठवड्यात आमचा पाठ होता 'सामाजिक संघर्ष'. सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली, युरोपातल्या कामगारांची उदाहरणं दिली, तास संपला. खिडकीबाहेर पोलिसांची गाडी उभी होती. वर्गात कोणी बोललं नाही, मीही बोललो नाही. त्याची लाज अजून वाटते.

ज्यांच्या नावावरून हे सगळं झालं, त्यांनी ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला होता. वय २५. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्यामुळं, आणि ते टिकवायला विधवेवर, बालिकेवर बंधनं घालावी लागतात, हे त्यांनी तिथं मांडलं. मुंबईचा विभाग निघायच्या तीन वर्षं आधीचं हे शुद्ध समाजशास्त्र आहे. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झालं तेही त्यांच्याच संस्थेचं. आणि आम्हाला बाबासाहेब शिकवले ते 'समाजसुधारक' या प्रकरणात, दीड पानात. सिद्धांताच्या पेपरात ते नव्हतेच. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. दारावरचं नाव बदलायला सोळा वर्षं लागली, अभ्यासक्रमाला त्याहून जास्त.

वडिलांना सांग, गावात काय चाललंय ते कळायला पुस्तक लागत नाही हे खरं. पण ते गावाबाहेरच्याला पटवायला लागतं.

तासिकेवरची_मॅडम

सरांचं वाचून डोळे भरून आले. मी सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवते, नववं वर्ष. विषय निवडणारी मुलं दरवर्षी कमी होतात, वर्कलोड कमी म्हणून जागा निघत नाही, जागा नाही म्हणून शिकवणारा टिकत नाही. मानधन कधी मार्चला, कधी पुढच्या वर्षी. तरी सोडवत नाही.

मला भाषेबद्दल लिहायचंय. मुलं 'अंतर्विवाह' म्हणजे जातीतच लग्न हे पाठ करतात, 'नातेसंबंध व्यवस्था' पाठ करतात. पेपरला लिहितात आणि विसरतात. मी आता उलट सुरू करते. आधी विचारते, तुमच्या घरी सोयरीक कुठं कुठं होते? कुठल्या गावाला मुलगी देत नाहीत, आणि का? भावकीत कोण कुणाकडं जेवत नाही? वर्ग एकदम जागा होतो. मामाच्या पोरीशी लग्न का चालतं आणि काकाच्या का नाही, यावर तासभर भांडतात. मग समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची पुस्तकं काढायची. त्यांनी हेच घरोघर हिंडून गोळा केलं आणि मराठीतूनही लिहिलं, हे कळलं की मुलींच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटतं. आपली भाषा विषयाला चालते हे त्यांना आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

लेकी, तुझ्याकडं तर शब्दांची खाणच आहे. कोयता, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, ती देऊन टोळी नेणारा मुकादम, एकट्या मजुराचा अर्धा कोयता. याला इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती मजुरीचं एकक आहे, हे एका वाक्यात नीट उलगडलंस तरी कुटुंब आणि श्रम यांच्यावरचं एक प्रकरण होतं. साहित्याचा आढावा आम्ही करायला मदत करू. आधी बायांशी बोल.

केजची_लेक

सर, मॅडम, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वडिलांना सरांचं सगळं वाचून दाखवलं. १९७८ चं आलं तेव्हा ते उठून अंगणात गेले. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, "ते जिथं वही राहिली म्हणलंय, ते परत वाच."

आज सकाळी वहीत रकाने आखून चुलतीकडं गेले. पहिला रकाना होता लग्नाचं साल. मोठ्या मुलीच्या वयावरून काढू म्हणलं, तर चुलती म्हणाली, "साल मला काय ठाव नाय. ह्यांचा अर्धाच कोयता व्हता, मुकादम पुरी उचल देईना. तवा झालं लगीन, कारखान्याला जायच्या आधी आठ दिस."

मी तो रकाना खोडला. आता त्या जागी लिहिलंय: लग्न ठरलं त्या वर्षी घरात किती कोयते होते, आणि उचल कुणी घेतली. उद्या वस्तीवर जातेय.