'प्रतिनिधित्व' म्हटलं की वॉर्डच आठवतो

खाडीकाठ: मंडळी, एक शब्द अडलाय. ओळखीतल्या एका पोराने अलिबाग ते वेंगुर्ला फिरून प्रायोगिक फिल्म केलीय. संवाद नाही, निवेदन नाही. एकेक माणूस तीनेक मिनिटं कॅमेऱ्याकडे बघत बसतो, संपलं. गाबीत, दालदी, भंडारी, कातकरी, बेने इस्रायल म्हणजे आपल्याकडच्या ज्यू आजी, किनाऱ्यावरच्या समाजांतले सगळे आहेत. मराठी माहितीपत्रक माझ्या गळ्यात पडलंय. 'रिप्रेझेंटेशन'ला 'प्रतिनिधित्व' लिहिलं, तर मालवणातल्या मित्राने विचारलं, "हे सगळे खंयच्या वॉर्डातसून उभे रवले?" दुसरं काही सुचतंय?

कुळीथपिठी: 'चित्रण' लिहा. कुणाच्या वतीने उभं राहणं वेगळं आणि कुणी पडद्यावर दिसणं वेगळं. त्या आजी समाजाने निवडून पाठवलेल्या नाहीत.

नाखवा: पण मग कोण राहून गेलं हे कुठल्या शब्दात विचारायचं? अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६४ ते १९६६ न्यूयॉर्कला असेच मूक चेहरे फिल्मवर टिपले, ४७२ आज शिल्लक आहेत. त्याच्या स्टुडिओत येणारी-जाणारी मंडळी, बहुतेक गोरी. चित्रण चोख आहे की. प्रतिनिधित्वच ठेवा, वॉर्ड आठवला तर आठवू दे.

शुद्धमती: आधी 'फिल्म' काढा. 'दिग्दर्शक' हा शब्द ज्यांच्या नावावर आहे ते सावरकर १९२४ ते १९३७ तुमच्याच रत्नागिरीत होते, थोडी लाज बाळगा. आणि 'पोर्ट्रेट'ला व्यक्तिचित्र.

कुळीथपिठी: व्यक्तिचित्र म्हटलं की मला दिवाळी अंकातला लेख वाटतो, काका. आमची आजी 'तसबीर' म्हणायची, पण ती भिंतीवरची, हार घातलेली. जिवंत माणसाला तसबीर म्हणवत नाही. 'छबी' कसं?

शुद्धमती: छबी म्हणजे 'शबीह'. अरबी, फारसीतून आलेला.

रुखवत: काहीतरीच. संस्कृत 'छवि'. तिचा जुना अर्थ तर कातडी, अंगकांती.

उजेडवाला: कातडी असेल तर छबीच घ्या! मी कॅमेरा चालवतो. दुपारच्या वाळूवर सावळा चेहरा बसवला की नुसता काळा ठिपका येतो. कोडॅकची रंग जुळवायची 'शर्ली कार्डं' कित्येक वर्षं गोऱ्या बाईच्या फोटोची होती. तिचा रंग जमला की लॅबचं काम झालं. त्या पोराला विचारा, कातकरी माणसासाठी अ‍ॅपर्चर वेगळं ठेवलं होतं का.

खाडीकाठ: विचारतो. पण शब्द?

नाखवा: यादीत नेपाळी कुठे आहे? रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर बघा, देवगडच्या आंबाबागांत राखणीला बघा.

खाडीकाठ: आहे एक, बागेतला. त्यावरून वाद चाललाय, तो 'कोकणी चेहरा' कसा म्हणून.

रुखवत: रास्त वाद आहे. नाव कोकणचं द्यायचं तर माणूस इथला हवा.

नाखवा: आमच्या बोटीवरचा ऑगस्ट ते मे इथेच असतो. शिव्या मालवणीत देतो, माझ्यापेक्षा चोख. अजून किती इथला हवा? खलाशी म्हणून चालतो, चेहरा म्हणून नाही?

शुद्धमती: 'खलाशी' अरबी. 'नावाडी' म्हणा.

नाखवा: नावाडी तरीवर असतो हो, ट्रॉलरवर नाही. 'नाखवा'सुद्धा फारसी 'नाखुदा'वरून आला म्हणतात. आता माझंही नाव बदलू?

कुळीथपिठी: फारसी-मराठी कोश करणारे माधवराव पटवर्धनच पुढे भाषाशुद्धीवाले झाले. तेव्हा तुम्हालाही आशा आहे, नाखवा.

खाडीकाठ: पत्रक उद्या छापायला जातंय. सध्या 'कोण दिसतं, कोण दिसत नाही' असं लिहून टाकलंय. चालेल?

शुद्धमती: हे वाक्य झालं, शब्द नव्हे.

रुखवत: बोटींचा विषय निघालाच आहे तर बोटीच्या म्होरक्याला म्हणतात तो 'तांडेल' शब्द कुठून आला? 'तांडा'शी नातं आहे का? वेंगुर्ल्याला मी 'तंडेल' ऐकलंय.