मदत हवी आहे: लेकीला ४-५ आलेत, नवरा ऐकत नाही

वांगीपोहे
मुलगी सहावीत. शाळेत कायम पहिल्या दोन-तीनांत. खाजगी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल आला: ५, ६, ५, ४. नऊपैकी! तेव्हापासून जेवायला बसलं की दुसरा विषय नाही. नवरा म्हणतो पुढच्या महिन्यात परत बसवू. पहाटे ५ ला उठवून शब्दांची कार्डं घेतो. बाथरूमच्या आरशावरही चिकटवलीत, त्यांवर टूथपेस्टचे शिंतोडे. काल 'फ्रूगल' (काटकसरी) म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "बाबासारखं." त्यावरून परत रडारड. शुक्रवारी नोंदणी संपतेय, लवकर सांगा.

सदाशिवपेठी
प्रवेशासाठी परीक्षा घेणंच बेकायदा आहे! शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजार. शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्यायला विसरू नका.

कोकमसार
ताई, कुठला देश, कुठली परीक्षा ते तरी सांगा.

वांगीपोहे
बॉस्टनजवळ. आयएसईई, मिडल लेव्हल. नऊपैकी म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

सदाशिवपेठी
मग तसं आधी लिहायचं. तरी कलम वाचून ठेवा, भारतात परतलात तर उपयोगी पडेल.

कोकमसार
अगं, ते नऊपैकी मार्क नाहीत. ते स्टॅनाइन, म्हणजे एक ते नऊ अशी श्रेणी. मागच्या तीन वर्षांत अशाच शाळांसाठी परीक्षा दिलेल्या त्याच इयत्तेच्या मुलांशी तुलना असते. ४ ते ६ म्हणजे मधला गठ्ठा. शेजारच्या रकान्यात पर्सेंटाइल काय आहे?

वांगीपोहे
५२, ६८, ४७, ३८. म्हणजे गणितात ३८ टक्के!! शाळेत ९५ च्या खाली कधी नाही.

कोकमसार
टक्के नाहीत गं. शंभरातल्या साधारण ३८ मुलांच्या पुढे किंवा बरोबर. आणि ती शंभरही निवडक, बहुतेक सगळी आपापल्या वर्गात वरचीच.

गुणाकार_गुरुजी
पाया कच्चा. तीसपर्यंत पाढे, पावकी-निमकी पाठ करून घ्या. माझ्या नातवाला वैदिक गणिताने फार फरक पडला.

हडसनकाठी
पावकी-निमकी? ऑनलाइन परीक्षा आहे हो. मी दोन्ही मुलांना शिकवणी लावली, पैसे गेले, गुण आले. लावा आणि मोकळ्या व्हा. येत नसेल तो प्रश्न सोडायची सवय लावा, गुण कापतात.

कोकमसार
चुकीचं सांगू नका. पाव गुण कापतात तो एसएसएटीत, ती वेगळी प्रवेशपरीक्षा. आयएसईईत चुकीला काही कापत नाहीत. एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, शेवटच्या मिनिटाला ठोकून द्यायचं.

हडसनकाठी
माझ्या मुलांच्या वेळी कापत होते.

कोकमसार
कारण ती एसएसएटी होती. तुमच्याच जुन्या धाग्यात लिहिलंय तुम्ही.

वांगीपोहे
थांबा. तिने गणितात ११ प्रश्न रिकामे सोडले! नवऱ्यानेच सांगितलं होतं, "खात्री नसेल तर हात लावू नकोस." त्याच्या आयआयटीच्या परीक्षेत गुण कापायचे ना.

कोकमसार
गणिताच्या ४७ प्रश्नांपैकी ११? आणि सहावीत अजून न शिकवलेलंही थोडं असतं त्यात. पण मला एक कळत नाही. ४ गणितात आलेत, मग पहाटे शब्दांची कार्डं कशाला?

वांगीपोहे
... हे मी विचारलंच नाही त्याला.

सुपारीफूल
अवांतर: आरशावरचा डिंक खोबरेल तेलाने निघतो.

मधली_सुट्टी
मी स्वतः अशी पहाटे उठवलेली मुलगी. मार्क आठवत नाहीत, गॅसवरच्या दुधाचा वास आठवतो, अजून पोटात गोळा येतो. तिला त्या शाळेत जायचंय का, ते कुठेच लिहिलं नाहीत तुम्ही.

वांगीपोहे
शाळा बघायला गेलो तेव्हा तिथल्या कुंभारकामाच्या खोलीतून निघेना. नंतर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कोकमसार
आज विचार. नोंदणीचं म्हणशील तर एका हंगामात एकदाच बसता येतं. डिसेंबर ते मार्च एक हंगाम, आत्ता दिली की पुढची थेट एप्रिलमध्ये. द्यायचीच असेल तर गणिताच्या दोन सराव परीक्षा, घड्याळ लावून, आणि सगळे प्रश्न सोडवायचे, एकही रिकामा नाही. पहाट रद्द. शाळा फक्त हे आकडे बघत नाहीत, शिक्षकांची पत्रं, मुलाखतही असते.

हडसनकाठी
शिकवणीवाल्या बाईंचा नंबर तुमच्या विचारपूशीत टाकलाय.

वांगीपोहे
नवऱ्याला हा धागाच वाचायला देऊ का?

सुपारीफूल
द्या की. फक्त 'फ्रूगल'ची ओळ आधी उडवा.