चॅप्लिनचा शेवटचा विनोदी चित्रपट: खरंच फसलेला, की नीट पाहिलाच गेला नाही?

चित्रकथी:
फिल्म क्लबसाठी चॅप्लिनच्या बोलपटांची मालिका ठरते आहे. शेवटी 'अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग' (१९६७) लावायचा की नाही, यावर सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, वयाच्या ७७ व्या वर्षी पकड सुटलेल्या माणसाचं हे काम आहे, मालिकेचा शेवट पडेल. दुसऱ्याचं म्हणणं, लोकांनी हा चित्रपट ऐकीव मतांवर निकालात काढलाय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हाँगकाँगहून निघालेल्या बोटीवर एका अमेरिकन मुत्सद्द्याच्या (मार्लन ब्रँडो) केबिनमध्ये पासपोर्ट नसलेली निर्वासित रशियन काउंटेस (सोफिया लॉरेन) लपून बसते. तिला कोणाच्या नजरेस पडू न देणं, एवढ्यावर पुढचा सगळा खेळ.

नेमकं कुठे बिघडलं, ब्रँडोमुळे बिघडलं हे कितपत खरं, आणि लावायचा झाला तर कसा लावावा? आवडला, नाही आवडला एवढ्यावर थांबू नका. प्रसंग धरून लिहा.

तिसरी_घंटा:
मी विरोधातला. कारण ब्रँडो नाही, कारण घंटी आहे.

हा शुद्ध दारांचा फार्स आहे. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांचे फार्स ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातलं गणित वेगळं सांगायला नको. कोण कुठे लपलंय ते प्रेक्षकाला माहीत असतं, आत येणाऱ्याला नसतं. दार वाजणं आणि दार उघडणं यांच्या मधल्या वेळात सगळी गंमत. आता नियम असा की तीच धांदल दुसऱ्यांदा दाखवताना वेळ कमी करायचा. पहिल्या वेळी सगळं साग्रसंगीत: दचकणं, एकमेकांकडे बघणं, पळणं, लपणं, कपडे ठीक करणं, मग दार. दुसऱ्या वेळी दचकणं गाळायचं. तिसऱ्या वेळी घंटी वाजायच्या आधीच माणूस पळत सुटला पाहिजे. चौथ्या वेळी पळून झाल्यावर कळायला हवं की घंटी वाजलीच नव्हती.

चॅप्लिन इथे ही कपात करत नाही. केबिनची घंटी वाजली की जवळजवळ दर वेळी पूर्ण धावपळ, तीही पहिल्याच वेगात. घड्याळ लावून पाहा. मध्यावर पोचेपर्यंत घंटी वाजताच पुढचं सगळं आपल्याला आधीच दिसायला लागतं, आणि फार्समध्ये प्रेक्षक नटाच्या पुढे गेला की संपलं.

दुसरी गोष्ट जागेची. फार्सला जागा अडचणीची लागते. मुत्सद्द्याची केबिन चांगली ऐसपैस आहे. पळायला भरपूर वाव, म्हणून पकडलं जाण्याची भीतीच कमी. त्यात प्रकाश सगळीकडे सारखा, सावली जवळजवळ नाहीच. लपलेल्या बाईवर लपल्याची छाया पडत नाही.

आणि काळ. ही कथा मुळात तिशीच्या दशकातली. १९३६ मध्ये चॅप्लिन अभिनेत्री पॉलेट गॉडार्डबरोबर पूर्वेकडे फिरून आला आणि तिच्यासाठी 'स्टोअवे' नावाने हे लिहायला घेतलं. तीस वर्षांनी तेच बाहेर काढलं तेव्हा दोन महायुद्धांच्या निर्वासितांचा उल्लेख सुरुवातीच्या पाटीत राहिला, पुढे मात्र त्या दुःखाचं वजन फारसं कुठे जाणवत नाही.

रीळबदल:
तिसरी_घंटा यांचं कपातीचं गणित रंगमंचासाठी बरोबर आहे. पण रंगमंचावर नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, तसं पडद्यावर करता येत नाही. थांबा किती द्यायचा ते संकलनाच्या टेबलावर एकदाच ठरतं. चॅप्लिन म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या गाणी-नकलांच्या रंगमंचावर, वाढलेला माणूस, त्याने ते थांबे भरलेल्या थिएटरच्या हिशेबाने ठेवलेत असं मला ठामपणे वाटतं. लॅपटॉपवर एकट्याने पाहिलं की ते थांबे रिकामे पडतात आणि आपण म्हणतो, संथ आहे. सत्तर-ऐंशी माणसांत ते भरून निघतात.

पुरावा म्हणून एकच प्रसंग घ्या. काउंटेसला अमेरिकन भूमीवर उतरता यावं म्हणून मुत्सद्द्याच्या नोकराशी, हडसनशी, तिचं कागदोपत्री लग्न लावून देतात. त्या रात्री पॅट्रिक कारगिलचा हडसन झोपायची तयारी करतो. शिस्तीचा, इस्त्रीचा माणूस. लग्न खोटं आहे हे त्याला कळतं, पण मनात कुठेतरी खरं वाटायला लागलंय. कपडे बदलणं, पलंगाकडे जाणं, अंगावर पांघरूण घेणं, प्रत्येक कृती तो थोडी जास्त नीटनेटकी करतो. संवाद जवळजवळ नाही. कॅमेरा लांब उभा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत. इथे क्लोज-अप घातला असता तर सगळं मेलं असतं, कारण विनोद चेहऱ्यात नाही, पाठीच्या ताठपणात आहे. 'पकड सुटलेल्या' दिग्दर्शकाला हे जमत नाही.

लॉरेनचंही तेच. ब्रँडोचा ढगळ पायजमा-सदरा घालून ती वावरते तेव्हा लोंबणाऱ्या बाह्या आणि घसरणारा पायजमा सावरताना तिच्या चालीत जो बदल होतो, तो बघा. ते चॅप्लिनचंच चालणं आहे, बाईच्या अंगात उतरलेलं. आणि अंथरुणावरची वृद्ध श्रीमंत बाई झालेली मार्गारेट रदरफोर्ड! काही मिनिटांचंच काम, पण तिथे लय अचूक लागलीय.

काळी_पाटी:
तुम्ही दोघंही पडद्यावर काय आहे ते सांगताय. ते तसं का झालं हे चॅप्लिनच्या कामाच्या पद्धतीत आहे.

हॉलिवूडमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. तिथे तो तालीमच फिल्मवर करायचा. चित्रण करायचं, बघायचं, पटलं नाही तर सेट उभा ठेवून पुन्हा करायचं. 'सिटी लाइट्स'मधल्या फुलवालीच्या भेटीच्या एका प्रसंगाचे तीनशेहून अधिक टेक झाले. विनोदातली कपात, जी तिसरी_घंटा मागताहेत, ती अशा पुनःपुन्हा करण्यातूनच निघायची. 'काउंटेस' झाला इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत, युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीच्या पैशांवर, १९६६ च्या जानेवारी ते मे या काळात. वेळापत्रक ठरलेलं, महागडे तारे, रंगीत फिल्म (त्याचा हा एकमेव रंगीत चित्रपट). पुन्हा करून बघायची चैन उरली नव्हती. मग त्याने उरलेला मार्ग धरला: प्रत्येक नटाला प्रत्येक हालचाल स्वतः करून दाखवायची.

ब्रँडोचं बिनसलं ते इथे. त्याची तयारी आतून बाहेर येणारी, याची सूचना बाहेरून आत जाणारी. 'कप उचल, वळ, मग बघ' असं सांगितलं की नकलाकार मोकळा होतो, ब्रँडो मिटतो. लॉरेनने ते आनंदाने घेतलं, चॅप्लिनचा मुलगा सिडनी आणि कारगिल यांनीही. एकाच चौकटीत दोन पद्धती दिसतात. ब्रँडो वाईट नट म्हणून चित्रपट पडला असं म्हणणं अन्याय आहे. निवड चुकली, आणि ती जबाबदारी दिग्दर्शकाची.

स्वतः चॅप्लिन म्हाताऱ्या, बोट लागलेल्या स्टुअर्डच्या (बोटीवरच्या सेवकाच्या) कामात मोजके क्षण दिसतो. मुख्य भूमिकेत तो नाही असे त्याचे मोठे चित्रपट दोनच, 'अ वूमन ऑफ पॅरिस' (१९२३) आणि हा. फार्सच्या मध्यभागी तो स्वतः असता तर कपात त्याच्या अंगातूनच झाली असती. ती लिहून देता येत नाही.

चित्रकथी:
लावायचा असं मला आता वाटायला लागलंय. पण बोट हलते त्या प्रसंगाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडण त्यावरून आहे.

रीळबदल:
वादळात तिघांना एकदम मळमळतं, तो. लोकांना तो हीन वाटतो. माझ्या मते तो चित्रपटातला सर्वांत जुन्या घराण्याचा प्रसंग आहे: सूट-बूट, हुद्दा, उमरावपण सगळं पोटासमोर हरतं. मूकपटांतल्या त्याच्या बोटीवरच्या गमतींशी याचं नातं थेट आहे. फक्त रंग आणि आवाज आल्यावर त्या गोष्टी अंगावर येतात, हे मान्य.

तिसरी_घंटा:
तिथे मी रीळबदल यांच्या बाजूने. तो प्रसंग वाढत जातो, एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून चालतो. घंटीचं तसं होत नाही.

दाखवणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. प्रत आधी तपासा. टीव्हीसाठी चौकोनी केलेली प्रत असेल तर घेऊ नका, कारण एका कडेला दार आणि दुसऱ्या कडेला लपणारी बाई एकाच वेळी दिसली नाही तर विनोदच कळत नाही. लंडनच्या पहिल्या खेळानंतर चित्रपट कापला गेला. आज सहसा मिळतो तो सुमारे १०८ मिनिटांचा, तेवढा धरून चला. मध्यंतर घेऊ नका, फार्सचा वेग मध्यंतराने पडतो. घ्यावंच लागलं तर हडसनच्या रात्रीच्या प्रसंगाआधी नको, नंतर घ्या. खुर्च्या पसरून न ठेवता लोकांना पुढे एकत्र बसवा. अर्धा रिकामा हॉल या चित्रपटाला मारून टाकेल.

काळी_पाटी:
आवाजाची पातळी सुरुवातीला बेताची ठेवा. संगीत चॅप्लिनचंच आहे आणि तंतुवाद्यं सतत मागे असतात. आवाज मोठा झाला की ती प्रत्येक भावनेला अधोरेखित करायला लागतात. पेटुला क्लार्कने गाऊन १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलेलं 'धिस इज माय साँग' यातलंच, पण चित्रपटात शब्द नाहीत, नुसती धून आहे. लोक गाण्याची वाट बघत बसतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

चर्चेसाठी केबिनमधली पहिली घंटी आणि मधली कोणतीही एक घंटी काढून ठेवा. दोन्ही एकापाठोपाठ लावा, स्टॉपवॉच कोणाच्या तरी हातात द्या, घंटीपासून दार उघडेपर्यंतचे सेकंद फळ्यावर लिहा. मग हडसनची रात्र लावा.