जुना टाटा १६१३ ट्रक, सपाट तोंडाचा: घाटात एअर पकडतो (डिझेलच्या लाइनीत हवा शिरते), केबिनमध्ये धग

पाटील_गूळवाले: इंजिन ६९७ मॉडेलचं. करूळ घाट चढताना गाडी दम तोडते, हातपंप मारला की पुन्हा चालते. केबिनमध्ये डिझेलचा वास, ड्रायव्हरच्या डाव्या पायाला चटका. फिल्टर नवे आहेत. काय बघू?

उद्यमनगर_मिस्त्री: भावा, ही दोन वेगळी दुखणी आहेत. वास येतो तो प्रेशर किंवा रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या) बाजूच्या गळतीचा. एअर घुसते ती टाकी ते फीडपंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या सक्शन बाजूने, आणि तिथं डिझेल बाहेर दिसेलच असं नाही. त्या बाजूचा प्रत्येक बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) खोल, तांब्याचे वायसर नवे टाक. जुना वायसर उलटा करून बसवू नकोस, तो दाबलेलाच असतो. रबरी पाइप वाकवून बघ, बारीक चिरा तिथंच सापडतात.

एअर काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल कर, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मार, स्क्रू आवळ. मग मुख्य डिझेल पंपावरचा. तरीही गाडी लागली नाही तर नोझलला (इंजिनात डिझेल फवारतात ते) येणाऱ्या पाइपचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मार. एका वेळी दहा सेकंद, मध्ये विश्रांती. फवाऱ्याला हात लावायचा नाही.

क्लिनर_ते_ड्रायव्हर: धगीचं कारण इंजिन कव्हरखालचा फाटलेला नमदा (धग अडवणारा जाड थर). नवा चिकटव, कडेची रबरी पट्टी बदल. कव्हरवर गोधडी टाकून भागवतात, पण वास येत असताना तेलकट गोधडी म्हणजे आगीला आमंत्रण. आधी गळती.

पाटील_गूळवाले: टाकीच्या झाकणाचं भोक पण तपासू का?

उद्यमनगर_मिस्त्री: तेच पहिलं. बुजलं असेल तर टाकीत हवा जात नाही, डिझेल ओढलं जात नाही, आणि झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज येतो.