मांगूर माशातील खंडरहित पट्टकृमींची जात ठरवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. गोड्या पाण्यातील माशांच्या आतड्यांत राहणाऱ्या पट्टकृमींवर (टेपवर्म) मी संशोधन करत आहे. नमुने गोळा झाले आहेत, परंतु त्यांची ओळख पटवताना मी अडकले आहे. पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या परिसरातून आणलेल्या २३ मांगूर माशांपैकी ९ माशांत पांढरट, चपटे कृमी मिळाले. शरीराला खंड (एकापुढे एक जोडलेले भाग) नाहीत, जननेंद्रियांचा एकच संच आहे आणि आडव्या छेदांत पीतक पुटिका (अंड्यांसाठी पोषक द्रव्य तयार करणाऱ्या ग्रंथी) आतील स्नायुथराच्या बाहेर दिसतात. त्यामुळे ते कॅरिओफिलिडिया या खंडरहित पट्टकृमींच्या गणातील लायटोसेस्टस प्रजातीचे असावेत, इथपर्यंत मी पोहोचले आहे.

जुन्या वर्णनांशी ताडून पाहिल्यास मात्र हेच कृमी तीन निरनिराळ्या जातींत विभागले जातात, कारण मानेची लांबी, वृषणांची संख्या आणि अंडाशयाचा आकार यांवर तेथे भर आहे. एकाच माशाच्या आतड्यातून या तिन्ही 'जाती' निघाल्या, तेव्हा माझ्या मनात शंका आली. काही कृमी मी दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून स्थिर केले होते, तर काही बाजारातून आणलेल्या मेलेल्या माशांतून काढले होते. दाबामुळे शरीर रुंदावते आणि अंडाशयाच्या बाजू फाकतात, तर मेलेल्या माशात कृमी सैल पडून मान लांबते. हे फरक कृमींचे आहेत की माझ्या हाताळणीचे, हे मला ठरवता येत नाही.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. संशोधक मोघे यांनी १९२५ साली मांगूरमधील अशा कृमीचे वर्णन केले आणि त्यानंतर या एकाच माशातून ५९ जातींना नावे दिली गेली. २०११ साली झालेल्या फेरतपासणीत त्यांपैकी अवघ्या ८ ग्राह्य ठरल्या. त्या यादीत आणखी एका चुकीच्या नावाची भर माझ्या हातून पडू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जातच चुकली तर नात्यांची मांडणीही चुकते. या गणाच्या पूर्वजांना खंड कधी नव्हतेच, की खंड असलेल्या पूर्वजांची अळीसारखी अवस्थाच प्रौढ होऊन खंड नाहीसे झाले, हा वाद जुना आहे. पीतक पुटिकांच्या जागेवरून पाडलेली कुळेही डीएनएच्या पुराव्यापुढे टिकत नाहीत, असे मी वाचले आहे.

दाबलेले नमुने वापरता येतील का? कोणता जनुकीय भाग निवडावा? आणि बंदी असूनही 'थाई मांगूर' म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मासा माझ्या नमुन्यांत मिसळला असेल, तर ते आता कसे ओळखावे?

प्रतिसाद:
आपली शंका योग्य आहे. दाबलेले आणि मेलेल्या माशांतील नमुने मोजमापांसाठी बाजूला ठेवावेत. त्यांच्यावरून जात ठरवू नये. मासा जिवंत आणावा, कृमी लगेच काढून मिठाच्या सौम्य द्रावणात धुवावेत आणि त्यांच्यावर जवळजवळ उकळते ४ टक्के फॉर्मॅलिन ओतावे, म्हणजे ते दाबाविना सरळ राहतात. त्याआधी शीर्ष आणि जननेंद्रिये यांना धक्का न लावता मधल्या भागाचा छोटा तुकडा ९६ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. म्हणजे ज्या कृमीचा डीएनए तपासला, त्याचेच शरीर पुराव्यासाठी हाती राहते. गणातील नात्यांसाठी २८एस (रायबोसोमचा जनुक) आणि जवळच्या जाती वेगळ्या करण्यासाठी कॉक्स१ (मायटोकॉन्ड्रियातील जनुक) घ्यावे. आयटीएस२ (रायबोसोमच्या जनुकांमधला डीएनएचा तुकडा) या एकट्यावर विसंबू नये, कारण कार्प माशातील त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या) अट्रॅक्टोलायटोसेस्टस ह्यूरोनेन्सिस या याच गणातील कृमीमध्ये एकाच कृमीत त्याच्या भिन्न प्रती सापडल्या आहेत. यापुढे प्रत्येक माशाच्या डोक्याचे वरून छायाचित्र घ्यावे, कारण कवटीच्या मागील हाडाचा आकार देशी आणि आफ्रिकन मांगुरांत वेगळा असतो. पराचा तुकडाही अल्कोहोलमध्ये ठेवावा.

धागाकर्ती:
मनःपूर्वक आभार, सर. जुन्या माशांची छायाचित्रे माझ्याजवळ नाहीत, म्हणून ते सर्व नमुने मी वगळते आणि जिवंत माशांपासून पुन्हा सुरुवात करते. एक विनंती राहिली. जुन्या जातींचे मूळ नमुने पाहिल्याशिवाय तुलना पुरी होणार नाही. कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहातील काचपट्ट्या कोणी प्रत्यक्ष पाहिल्या असतील, तर त्यासाठी अर्ज कसा करावा लागतो, ते कृपया सांगावे.